बारा हजारांचा पगार घ्यावा का?

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. लग्न होऊन एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) आल्या, बरीच वर्षं घरीच होत्या. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, सहा वर्षांपूर्वी, घराच्या बेसमेंटमध्ये ब्लाउज शिवणं, साड्यांना फॉल-पिको, लेहेंग्यांची दुरुस्ती असं काम सुरू केलं. व्यवसाय त्यांच्या एकटीच्या एलएलसीत (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत) आहे. २०२५ मध्ये खर्च वजा जाता ७८,००० डॉलर उरले. पती नोकरीत आहेत. दोघं एकत्र रिटर्न भरतात आणि त्यांच्या उत्पन्नाचा वरचा भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो. “इन्कम टॅक्स आहेच, त्यावर हा ११ हजारांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स कशासाठी?” असं त्या विचारतात. एका मैत्रिणीनं सुचवलं आहे की एस-कॉर्प (टॅक्ससाठी निवडायचा कंपनीचा एक दर्जा) कर, स्वतःला वर्षाला फक्त १२,००० पगार दाखव, बाकीचा नफा म्हणून काढ. मदतीला दोन बायका येतात, त्यांना रोख पैसे दिले जातात आणि ते वहीत धरले जात नाहीत. त्यातल्या एकीकडे कामाचा परवाना नाही. १५ वर्षांचा मुलगा शनिवारी हाताखाली असतो. इचलकरंजीचा भाऊ १५,००० डॉलर घालायला तयार आहे, बदल्यात २० टक्के भागीदारी मागतो. “काय केलं म्हणजे हा टॅक्स कमी होईल?” हा त्यांचा प्रश्न.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ११ हजारांचा आकडाच डोळ्यांत भरला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधलंच एक वाक्य सलत राहिलं, मदतनीस बायकांचे पैसे वहीत धरत नाही हे. तुम्ही ते सहज लिहून गेला आहात. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच दडलेलं आहे. पण आधी टॅक्सकडे पाहू.

हा टॅक्स व्यवसाय करणाऱ्याला लावलेला दंड आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या पतींची पगाराची स्लिप समोर घ्या. तिच्यात सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी (म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा) १.४५ टक्के कापलेले दिसतील, मिळून ७.६५. स्लिपवर जे दिसत नाही ते असं की तेवढीच रक्कम कंपनी आपल्या खिशातून भरते. तुम्ही नोकरही आहात आणि मालकही, म्हणून दोन्ही वाटे तुमच्याकडून घेतात : १५.३ टक्के, तेही नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर. ७८,००० वर हा आकडा ११,०२१ येतो. त्यातला निम्मा भाग, म्हणजे ५,५१० डॉलर, इन्कम टॅक्सच्या हिशोबात उत्पन्नातून वजा होतो, त्यामुळे २२ टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १,२०० डॉलर परत तुमच्याकडेच येतात. तरी रक्कम मोठी आहे हे मान्य. दिवसभर मान खाली घालून कटोऱ्या जोडणाऱ्या माणसाला ती लागणारच.

आता मैत्रिणीचा सल्ला. एस-कॉर्पची वाट कायदेशीर आहे. एलएलसीनं फॉर्म २५५३ भरून तसं निवडलं की मालकाला पगार घ्यावा लागतो. त्या पगारावर १५.३ टक्के लागतात आणि पगारापलीकडच्या नफ्यावर ते लागत नाहीत. म्हणूनच सगळ्यांना पगार लहान ठेवण्याचा मोह होतो. आयआरएसची, म्हणजे केंद्रीय करखात्याची, अट अशी की पगार वाजवी हवा. वाजवी म्हणजे किती, याचा कोष्टकातला आकडा नाही. पण तुमच्याजागी तुमच्याइतकी तयार कारागीर ठेवली असती तर तिला किती द्यावे लागले असते, हा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर बरंच जवळ येतं. आठवड्याचे सहा दिवस माप घेणारी, कापणारी, शिवणारी, गिऱ्हाईक सांभाळणारी बाई न्यू जर्सीत महिन्याला हजार डॉलरवर मिळेल का?

आयोवातल्या डेव्हिड वॉटसन या सीपीएनं, म्हणजे परवानाधारक हिशोबनीसानं, नेमकं हेच केलं होतं. २००२ आणि २००३ या दोन्ही वर्षी स्वतःला २४,००० पगार दाखवला आणि पावणेदोन ते दोन लाख डॉलर नफा म्हणून उचलले. प्रकरण कोर्टात गेलं, २०१२ मध्ये अपिलातही तो हरला. कोर्टानं त्याचा वाजवी पगार ९१,०४४ डॉलर धरला. फरकावरचा टॅक्स, व्याज आणि दंड त्याच्या माथी आला. तो तर स्वतः हिशोबतपासनीस होता.

समजा, तुम्ही प्रामाणिकपणे ५०,००० पगार धरलात. त्यावर पेरोल टॅक्स ७,६५०. म्हणजे ११,०२१ मधून ३,३७१ वाचले असं दिसतं, आणि बहुतेक जण हिशोब इथेच थांबवतात. पुढची पायरी कुणी सांगत नाही. छोट्या व्यावसायिकाला व्यवसायाच्या उत्पन्नावर २० टक्क्यांची एक वजावट मिळते. २०२५ च्या कायद्यानं ती कायमची झाली आहे. आज तुम्हाला ती सुमारे १४,५०० डॉलरची मिळते. पगार मात्र तिच्यात धरत नाहीत, म्हणून एस-कॉर्पमध्ये ती ४,८०० वर घसरते. निम्म्या टॅक्सची जी वजावट वर सांगितली तीही आक्रसते. सगळं मांडलं तर इन्कम टॅक्स जवळजवळ २,५०० नं वाढतो आणि हातात उरतात ८७४ डॉलर. त्यातून पेरोल सर्व्हिसची वर्षाची फी द्यायची, ११२०-एस हे वेगळं रिटर्न भरणाऱ्या सीपीएची फी द्यायची, राज्याचा किमान कर भरायचा. आजच्या घडीला एस-कॉर्प तुम्हाला तोट्यात नेईल. नफा दीड लाखाच्या घरात गेला आणि वाजवी पगार सत्तर हजार ठरला, तर याच पद्धतीनं, फी वजा करण्याआधी, सहा हजारांच्या वर उरतात. तेव्हा हा विषय पुन्हा काढा. निवड त्या वर्षासाठी लागू व्हायला फॉर्म मार्चच्या मध्यापर्यंत द्यावा लागतो, एवढं ध्यानात असू द्या.

बारा हजारांच्या पगारात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त जिव्हाळ्याची वाटते. सोशल सिक्युरिटी म्हणजे फक्त म्हातारपणची पेन्शन नाही. काम करता येईनासं झालं तर मिळणारा आधारही त्याच खात्यातून येतो. त्या खात्यात वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट, म्हणजे कमाईवर मिळणारे गुण, जमतात. २०२५ मध्ये त्यासाठी ७,२४० डॉलरची कमाई पुरेशी होती. सहा वर्षांत तुमची २४ झाली असतील. पेन्शनला ४० लागतात. पण ४६ व्या वर्षी अपंगत्व आलं तर त्या लाभासाठी साधारण २४ पुरतात, त्यातली २० गेल्या दहा वर्षांतली हवीत. म्हणजे तुम्ही नुकत्याच त्या छत्राखाली आला आहात. तुमचा धंदा तुमच्या हातांवर आणि डोळ्यांवर चालतो. मनगट गेलं, अंगठा अडकायला लागला, तर मशीन कितीही चांगली असो. त्या वेळी महिन्याला किती मिळणार हे तुम्ही दाखवलेल्या कमाईवर ठरतं. बारा हजार दाखवले तर क्रेडिट चारही मिळतील, रक्कम मात्र बारा हजारांच्या मापाची मिळेल.

पेन्शनबाबत मी तुम्हाला जास्तीचं काही सांगणार नाही. पतींच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत वाटा पत्नी म्हणून तुम्हाला मिळू शकतो. तुमची स्वतःची पेन्शन त्याहून मोठी झाली तरच वरचा फरक जाणवेल. त्यामुळे “टॅक्स भरा, म्हातारपणी सगळं परत येईल” असं म्हणणं खरं होणार नाही. आणि भारतात पीएफ भरलेली वर्षं इथल्या हिशोबात धरली जात नाहीत, दोन्ही देशांत तसा करार नाही. परत जायचा विचार असणाऱ्या वाचकांनी ४० क्रेडिटचा आकडा म्हणूनच आधी पाहावा.

आता तुमच्या वहीकडे येते. माझे वडील कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. दुकानाची फळी लागल्यावरही रोजमेळ जुळल्याशिवाय उठायचे नाहीत. चार आण्यांचा फरक असला तरी कंदील पुन्हा मोठा व्हायचा. लहानपणी मला ते अतीच वाटायचं. पुढे मी स्वतः बारा वर्षं छोट्या दुकानदारांची खाती लिहिली तेव्हा कळलं, की न लिहिलेला खर्च म्हणजे स्वतःवर लावून घेतलेला टॅक्स.

तुमच्या मदतनीस बायकांपैकी जिच्याकडे परवाना आहे तिला वर्षाला साधारण ९,००० दिले असं तुम्ही लिहिता. ते वहीत नाहीत, म्हणून ते तुमच्या ७८,००० मध्ये तुमची कमाई म्हणून बसले आहेत. पैसे तिच्या घरी गेले आणि टॅक्स तुम्ही भरला, सेल्फ-एम्प्लॉयमेंटचाही आणि इन्कमचाही. तिला पगारावर घेतलं तर तुमच्या वाट्याचे ७.६५ टक्के, म्हणजे ६८९ डॉलर, तुम्हाला भरावे लागतील. फेडरल बेरोजगारीचा कर पहिल्या ७,००० वर आहे, तो राज्याचा हप्ता वेळेवर भरला तर माणशी ४२ डॉलर. राज्याचे हप्ते आणि पेरोल सर्व्हिस वेगळी. पण तिचा पगार खर्चात पडल्यानं तुमचा फेडरल टॅक्स २,९५० च्या आसपास उतरतो. तिच्या पगारातूनही ७.६५ टक्के कापले जातील, म्हणून तासाचा दर थोडा वाढवून द्या. तरी तुमच्याकडे उरेल. शिवाय तिचीही क्रेडिट जमायला लागतील. त्या बाईच्या बाजूनं कुणी बोलत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

“मग तिला १०९९ (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म) देऊन मोकळी होते” असं कुणी सुचवेल. ती तुमच्या बेसमेंटमध्ये, तुमच्या मशीनवर, तुम्ही सांगाल त्या वेळी बसते. ती नोकरच ठरते. न्यू जर्सीचं राज्य याबाबत फार कडक आहे, कंत्राटदार म्हणायला तिथे तीन अटी एकदमच पुऱ्या कराव्या लागतात. काम घरी पाठवलं तरी सुटका होईलच असं नाही. तुमचं कापड, तुमचं माप, शिवून परत तुमच्याकडेच, अशा घरकाम करणाऱ्या कारागिरांसाठी फेडरल कायद्यात वेगळा प्रकार आहे आणि ठरावीक अटी जुळल्या तर त्यांच्याही मजुरीतून सोशल सिक्युरिटी कापावी लागते. आणि एकदा कुणाच्या पगारातून टॅक्स कापलात की तो पैसा तुमचा नाही. तो भरायचा राहिला तर एलएलसी असूनही वसुली थेट तुमच्यावर येऊ शकते. हात आखडला आहे म्हणून ते पैसे गिरणीच्या बिलाला वापरले, अशी चूक मी फार चांगल्या माणसांना करताना पाहिली आहे.

खर्चाच्या दुसऱ्या जागा. बेसमेंटमधली शिवणाची जागा मोजा. सोप्या पद्धतीत चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट, म्हणजे १,५०० पर्यंत खर्च धरता येतो. अट अशी की ती जागा फक्त कामाचीच हवी. तुम्ही लिहिलंय की कटिंग टेबलाच्या पलीकडे मुलाचं टेबल-टेनिस आहे. मग तेवढा भाग सोडून मोजा, मध्ये पडदा लावला तर उत्तम. तुम्ही महिन्यातून दोनदा अस्तर, हूक, लेस आणायला मॅनहॅटनला जाता. जाऊन-येऊन सत्तर मैल धरले तर वर्षाला १,६८० मैल, २०२५ च्या ७० सेंट दरानं १,१७६ डॉलर, टोल आणि पार्किंग वेगळं. त्यासाठी गाडीत छोटी वही हवी : तारीख, कुठे, कशासाठी, मैल किती. ओव्हरलॉक मशीन पतींच्या क्रेडिट कार्डावर घेतली म्हणून हिशोबात आली नाही, तिचे २,१०० ही तुमचा खर्चच आहेत. कार्ड कुणाचं यापेक्षा वस्तू कशासाठी घेतली हे महत्त्वाचं, पावती मात्र लागेल. हे सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास जातं आणि त्यातून दीड हजार डॉलर टॅक्स वाचतो. घरात खाल्लेलं, नेसलेलं यात घुसवू नका.

मुलाचं काम हा तुमच्या पत्रातला सगळ्यात आनंदाचा भाग. शिवून झालेल्या ब्लाउजचे फोटो तो काढतो, बुकिंगचं पान तोच सांभाळतो. व्यवसाय फक्त आईचा किंवा आई-वडिलांचाच असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही. आठवड्याला सहा तास, तासाला १६ डॉलर, वर्षाचे तीनशे तास धरले तर ४,८०० झाले. तुमचा टॅक्स १,४५० च्या आसपास कमी होतो. त्याची दुसरी काही कमाई नसेल तर २०२५ ची त्याची १५,७५० ची वजावट पाहता इन्कम टॅक्सही नाही. पण तास खरे लिहायचे, दर बाहेरच्याला द्याल तोच, पैसे त्याच्या नावाच्या खात्यात, वर्षाअखेर डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला), आणि अल्पवयीनांसाठी राज्याचे कागद आधी पुरे करायचे. ही सवलत एस-कॉर्प केल्यावर नाहीशी होते, तेही तुमच्या मैत्रिणीला सांगा.

भावाची भागीदारीही इथेच आडवी येते. तो आत आला की व्यवसाय आई-वडिलांचा राहत नाही, मुलाची सवलत जाते. एकटीची एलएलसी भागीदारी होते, वेगळं रिटर्न लागतं, परदेशात राहणाऱ्या भागीदाराच्या वाट्यातून टॅक्स कापून भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि इचलकरंजीत राहणारा, अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला माणूस एस-कॉर्पचा भागधारक होऊच शकत नाही; तो असला की तो दर्जाच मोडतो. बहिणीला हातभार लावायचा त्याचा हेतू चांगला आहे. त्याला सांगा, कर्ज म्हणून दे. रक्कम, मुदत, व्याज असलेला साधा लेखी कागद करा. व्याज देणार असाल तर त्यातून इथला कर कापावा लागू शकतो, लागतो का आणि कोणत्या दरानं ते सीपीएकडून समजून घ्या. भावाबहिणीत कागद कशाला, असं त्याला वाटेल. पैसे कुणाचे हे पुढे तुमच्या मुलाला आणि त्याच्या मुलांनाही कळलं पाहिजे, म्हणून.

निवृत्तीच्या खात्यांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे. सेप किंवा ४०१-के मध्ये टाकलेले पैसे इन्कम टॅक्स कमी करतात, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स नाही. मदतनीस पगारावर आल्या की त्यांचाही विचार करावा लागतो. या वर्षी ते राहू द्या.

एप्रिलमध्ये एकदम भरायला लागतात म्हणून जो धसका बसतो, त्याला उपाय आहे. तिमाही हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरायचे. ते जमत नसेल तर पतींना नोकरीत नवा डब्ल्यू-४ देऊन पगारातून जास्त कापून घ्यायला सांगा. तशी कापलेली रक्कम वर्षभर समान भरली असं धरतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये जाग आली तरी दंड टाळता येतो. तुमच्यासारख्या एक नोकरी-एक धंदा असलेल्या जोडप्यांना ही वाट सर्वांत सोपी पडते.

मागच्या वर्षांच्या रोख मजुरीबद्दल स्वतःहून सीपीएसमोर सगळं ठेवा. आयआरएसची नोटीस येण्याआधी दुरुस्त केलेली चूक स्वस्तात सुटते. तिथे गेलात तर एस-कॉर्पचा प्रश्न आधी विचारू नका. या वर्षाचा शेड्यूल सी (व्यवसायाच्या नफा-तोट्याचा फॉर्म), मैलांची वही, मशीनची पावती आणि मदतनीस बाईचे तास टेबलावर ठेवा आणि नफा पुन्हा मोजून मागा.

राहिली दुसरी बाई, जिच्याकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नाही. तिच्याबद्दल तुम्ही “बिचारी घरीच बसून असते, चार पैसे मिळतात” असं लिहिलंत. तुम्हीही त्या दिवसांतून गेला आहात, म्हणून तुम्ही तिला बोलावलंत, हे मला समजतं. पण परवान्याशिवाय तिला कामावर ठेवणं तुमच्यासाठी बेकायदा आहे, आणि तिच्यासाठी त्याहून वाईट, कारण उद्या तिच्या ग्रीन कार्डाच्या अर्जात हेच काम आड येऊ शकतं. कामावर घेताना आय-९ (कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म) भरायचा असतो, तो तिच्यासाठी भरता येणार नाही. निरोप फोनवर देऊ नका. तिला चहाला बोलवा, मशीन बंद असू द्या, आणि नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज कुठवर आलाय ते विचारा. एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर एच-४ पत्नीला ईएडीसाठी अर्ज करता येतो, आणि कित्येक घरांत हे कुणी नीट पाहिलेलंच नसतं. नवरात्राच्या गर्दीआधी तिचं कार्ड आलं तर तुमच्याकडे तिची जागा राखून ठेवा. तोवर तिनं पिको केलेल्या साड्यांचे जे पैसे द्यायचे असतील ते आज देऊन टाका.